पहाऱ्याचा सातवा प्रश्न

फोनचा पडदा लाल झाला तेव्हा निलोफर माझ्यासमोर बसून डाव्या हातानं चहात खारी बुडवत होती. खारी तशीच बशीत ठेवून तिनं फोन स्वतःकडे वळवला, वाचलं आणि हसली.

“बाई, पहाऱ्याला मी पसंत पडले नाही.”

“काय म्हणतोय?”

“‘हे सॉफ्टवेअर बसवता येणार नाही. तुमच्या सुरक्षिततेसाठी थांबवलं आहे.’ थांबा, माझंच काहीतरी राहिलं असेल.”

ती लॅपटॉपवर एकेक गोष्ट बघू लागली. तिची सही बरोबर होती. कोडची तपासणी पार पडलेली होती, दवाखान्याची परवानगी जोडलेली होती. मिरजेतल्या ज्या दवाखान्यात ती कानाच्या विभागात इंजिनिअर होती, तिथल्या सात रुग्णांच्या कानांत हेच सॉफ्टवेअर चार महिने विनातक्रार चाललं होतं. मग ती पुन्हा माझ्या फोनकडे वळली आणि बोटानं खाली सरकत गेली. तिचं हसू जिथे थांबलं ती ओळ मला समोरूनही वाचता आली. माझ्या फोनवरची अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात.

‘कारण: सातव्या प्रश्नाचं उत्तर देताना वापरकर्तीला भीती वाटत असल्याचं आढळलं.’

“भीती?” निलोफर म्हणाली. “कशाची हो बाई?”

मी म्हटलं, “यंत्र आहे. काहीही सांगतं.” आणि तिच्यासमोरची बशी उचलून आत गेले. तिची खारी अजून संपली नव्हती.

पहारा म्हणजे काय हे आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे, पण तो नव्हता ते दिवस मी पाहिले आहेत. मी साठीत होते तेव्हा म्हाताऱ्या माणसांना फोन यायचे. पलीकडचा माणूस आपण पोलीस आहोत असं सांगायचा, तासन्‌तास फोन खाली ठेवू द्यायचा नाही, आणि त्याच्या धाकानं माणसं स्वतःच्या बोटांनी फोनमध्ये नको ते बसवून घ्यायची. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आयुष्यभर कुणी फसवलं नव्हतं, तेही त्यात सापडले. फोनचं कुलूप कितीही मजबूत केलं तरी उपयोग नव्हता, कारण मालकच आतून कडी काढून देत होता. शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी सॉफ्टवेअरबरोबर मालकालाही तपासायला सुरुवात केली.

सत्तरीच्या पुढच्या माणसानं काहीही बसवायचं म्हटलं, त्यातून ते शरीरातल्या यंत्रात जाणार असलं, की पहारा सात प्रश्न विचारतो. बोटातली अंगठी नाडी आणि घाम मोजते, फोन आवाजातली थरथर ऐकतो, कॅमेरा डोळ्यांतल्या बाहुल्या बघतो. तोंड ‘हो’ म्हणत असलं आणि शरीर घाबरलेलं असलं, तर पहारा शरीराचं ऐकतो. सातवा प्रश्न असा असतो: ‘या व्यक्तीसंबंधीची एखादी गोष्ट तुम्ही घरच्यांपासून लपवून ठेवली आहे का?’ कारण फसवणाऱ्याची पहिली ताकीद ‘कुणाला सांगू नका’ हीच असते.

मी ‘नाही’ म्हटलं होतं.

आणि लाल पडदा एकट्यावर येत नाही. शरीरातल्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्याचं नाव त्याच क्षणी ‘संशयित’ म्हणून नोंदलं जातं. एकवीस दिवसांत ते साफ झालं नाही, तर त्याचं सॉफ्टवेअर जिथे जिथे असेल तिथे बंद पडतं. निलोफरनं हे मला सांगितलं नाही. लॅपटॉप मिटला, “बघते मी काहीतरी,” म्हणाली आणि गेली.

माझे दोन्ही कान चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेले. ऑपरेशन करून इम्प्लांट बसवलं आणि बोलणं परत मिळालं. दूधवाल्याची हाक, कुकरची शिट्टी, फोनवर मुलाचा आवाज, सगळं. गाणं मात्र परत आलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं तंबोऱ्याची गवसणी काढली, तारा छेडल्या, तर पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा आवाज आला. पन्नास वर्षं ज्याच्या सोबतीनं गायले, मुलींना शिकवलं, तो तंबोरा मी भिंतीला टेकवून ठेवला, तो आठ वर्षं तसाच होता.

आपल्या कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात ऐकणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी असतात आणि प्रत्येकीचा सूर वेगळा. त्या मेल्या की इम्प्लांट त्यांचं काम बावीस इलेक्ट्रोडांवर भागवतं. बोलणं समजायला बावीस पुरतात. पण तंबोऱ्याच्या एका तारेत एकाच वेळी पंधरा-वीस स्वर असतात. ते सगळे एकदम आले की शेजारशेजारचे इलेक्ट्रोड एकदम बोलू लागतात, त्यांची वीज ओल्या कागदावरच्या शाईसारखी पसरते आणि सगळ्याचा एकच डाग होतो.

“मग एकदम पाठवायचेच कशाला?” निलोफर मला पहिल्या भेटीत म्हणाली होती. “आमचे आजोबा कुठे एकदम पाठवायचे?”

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची एक चपटी घोडी असते. तिच्यावरून तारा जातात. तिचा माथा सपाट दिसतो, पण कारागीर कानशीनं त्याला इतका बारीक उतार देतो की थरथरणारी तार त्याला क्षणाक्षणाला वेगळ्या जागी चाटून जाते, आणि सुराच्या पोटातले सूर एकामागून एक उलगडत जातात. ही जवारी. ती मोजून होत नाही, कारागीर घासतो आणि ऐकतो, घासतो आणि ऐकतो. निलोफरनं आजोबांनी केलेल्या घोड्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या आणि तोच उतार गणितात उतरवला. तिचं सॉफ्टवेअर प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका मागे ठेवून पाठवतं. एका वेळी एकच इलेक्ट्रोड बोलतो. पुढची जुळणी मेंदू करतो, त्याला ते काम आवडतं.

दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दहा मिनिटं ते माझ्या कानात चालवून पाहायची सोय होती. तिनं तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. खर्जाची तार सुटली आणि तिच्यातून गंधार वर आला, अगदी पूर्वी यायचा तसा, न बोलावता. मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले. तो सापडला तरी शोधत राहिले.

तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘निलोफर बारगीर’ असं होतं. मिरजेत बारगीर पुष्कळ आहेत, अशी मी मनाची समजूत घातली होती. त्या दहा मिनिटांनंतर तीच म्हणाली, “तुम्ही शरयूबाई आपटे ना? बाबालाल बारगीर माझे आजोबा. तुमचं नाव घ्यायचे.”

“काय म्हणायचे?”

“म्हणायचे, शरयूताईंचा षड्ज लागला की कानस खाली ठेवावी वाटायची.”

मी विचारलं, “आहेत का?”

“नाही. सात वर्षं झाली.”

मला सुटल्यासारखं वाटलं. एक माणूस गेल्याचं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवते.

लाल पडद्याची खबर पहारा जवळच्या नातेवाइकाला देतो. दुसऱ्या दिवशी पुण्याहून श्रीरंगचा फोन आला. माझा मुलगा काळजी करतो तेव्हा तो उलटतपासणी घेतो.

“आई, कोण ही बारगीर?”

“दवाखान्यातली मुलगी आहे. हुशार आहे.”

“घरी कशाला आली? दवाखान्यात का नाही बसवलं?”

“मला जिना चढवत नाही म्हणून आली.”

“कुणाला सांगू नका असं म्हणाली का?”

“नाही रे.”

“मग तू घाबरलीस कशाला?”

इथे मी बोलायला हवं होतं. मी गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्याचा त्यानं त्याला हवा तो अर्थ लावला.

“हे बघ, तू भिडस्त आहेस. तू सांगणार नाहीस. हल्ली कुणाचा भरवसा देता येत नाही, आणि त्यातून ही माणसं... जाऊ दे. मी पहाऱ्याचा फॉर्म भरतो.”

कुठली माणसं, असं मी विचारलं नाही. फॉर्मवर ‘नातेवाइकास शंका आहे का?’ असा प्रश्न असतो. त्यानं ‘होय’ केलं.

पंचावन्न वर्षांपूर्वीही माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं.

सत्त्याऐंशी सालचा डिसेंबर. सांगलीतल्या एका संगीत मंडळाच्या उत्सवात मला पहिल्यांदा रात्रीच्या मुख्य बैठकीची जागा मिळाली होती. मी सत्तावीस वर्षांची होते. तीन दिवस आधी तंबोरा घेऊन मी मिरजेला बाबालालच्या दुकानात गेले. दुकान कसलं, एक लांबट खोली. मंगळवेढ्याचे भोपळे छताला टांगलेले, लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास, आणि मध्ये पोत्यावर मांडी घालून तो. तो डावखुरा होता. त्याची कानस नेहमी उजवीकडून डावीकडे जायची, त्यामुळे त्याच्या घोडीवरचे घाव एकाच बाजूला कललेले असत. आम्ही गाणारे त्यावरूनच त्याचं काम ओळखायचो.

अर्ध्या दिवसानं त्यानं तंबोरा माझ्या मांडीवर दिला. “ताई, आता तार उतरली तर चढवा, सूत मागंपुढं करा. घोडीला हात लावायचा नाही हं. काही वाटलं तर माझ्याकडं या.”

हे सांगायचीही गरज नव्हती. गाणाऱ्याचा हात तारेपर्यंत आणि तारेखालच्या सुतापर्यंत. घोडी कारागिराची. आमच्यात हा नियम लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं.

आदल्या दिवशी एका पाहुण्या गायिकेचं गाणं झालं. तिच्या तंबोऱ्याची जवारी इतकी खुली होती की सभागृह भरून गेलं. रात्रभर ते माझ्या कानात राहिलं. सकाळी माझा तंबोरा मला मिटलेला वाटू लागला. मिरज नऊ-दहा किलोमीटर. सायकलवरून कुणाला पाठवलं असतं तरी बाबालाल दोन तासांत आला असता. पण मला तेवढाही दम नव्हता. मी ज्यांच्याकडे उतरले होते त्यांच्या हत्यारांच्या पेटीत एक बारीक कानस होती. मी घोडीवर दहा-बारा हात मारले, उजव्या हातानं. आवाज खुलला. मी खूश झाले.

रात्री दिव्यांच्या आणि माणसांच्या उष्णतेनं तारा सैल पडू लागल्या आणि जिथे मी घासलं होतं तिथे तार खडखडायला लागली. पंचम बसेना. मी गाता गाता खुंट्या पिळत राहिले, आवाज खाली जात राहिला, लोक इकडे तिकडे बघू लागले. चाळीस मिनिटांत मी भैरवी घेतली आणि उठले.

विंगेत दहा-बारा मंडळी होती. बाबालालही होता, पिशवी खांद्याला लावून. त्या काळी आपण जवारी केलेल्या तंबोऱ्याच्या बैठकीला कारागीर येत असत. मंडळाच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, “जवारी कुणी केली ही?”

मी म्हटलं, “बाबालालनं.”

हे खोटंही नव्हतं, हे मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं.

त्यानं तंबोरा घेतला, दिव्याकडे तिरका धरला आणि घोडीवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. तो अध्यक्षांकडे वळला आणि म्हणाला, “चुकलं साहेब माझ्या हातनं.” तारा उतरवून घोडी काढली आणि खिशात टाकली. “ताईंना नवी बसवून देतो.”

आठवड्यानं कुणाबरोबर तरी नवी घोडी आली. मी आभाराची चिठ्ठीही पाठवली नाही, कारण काय लिहायचं? पुढच्या वर्षभरात सांगली-कोल्हापूरच्या गवयांनी आपले तंबोरे दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. नंतर ऐकलं की बाबालाल हॉटेलांच्या भिंतींवर लावायच्या शोभेच्या सतारी करतो. त्यांना जवारी लागत नाही, त्या कुणी वाजवत नाही. ऐकून मी “अरेरे” म्हटलं होतं. मोठ्यानं, चारचौघांत.

नवव्या दिवशी निलोफर आली. दारातच उभी राहिली, चपला काढल्या नाहीत.

“बसायला नाही आले बाई. बारा दिवस राहिलेत. सात माणसं आहेत माझी. कुपवाडचे तबलजी आहेत एक, त्यांनी परवाच पुन्हा रियाज सुरू केलाय. त्यांना काय सांगू?”

“तुझं दवाखान्यात...”

“मला नोंदणीच्या खिडकीवर बसवलंय. केसपेपर काढते.” तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “एक विचारू? मला घाबरता का तुम्ही?”

“नाही ग.”

नाडी चढली तशी माझ्या बोटातली अंगठी थरथरली. तिनं ते पाहिलं.

“माझ्या नावाला घाबरत असाल तर तसं सांगून टाका. मला सवय आहे त्याची. निदान माझ्या कोडमध्ये चूक शोधत बसायला नको.”

तिला बाराशे रात्रींचं काम पुन्हा उलगडून बघायला लावलं होतं मी, एका ‘नाही’नं. आणि आता ती जे समजत होती ते समजू देणं मला सोपं पडलं असतं. नातीएवढ्या वयाच्या मुलीसमोर मी दाराची चौकट धरून उभी होते.

“पडताळणी असते ना?” मी म्हटलं. “समोर बसून?”

“असते. पण तुम्ही अर्ज करायचा असतो. मला करता येत नाही.”

“तू कर. मी बोट लावते.”

पडताळणीचं कार्यालय सांगलीत होतं, पहिल्या मजल्यावर. श्रीरंग पुण्याहून आला आणि मला हाताला धरून वर घेऊन गेला. अधिकारी मोकाशी नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, निलोफरला कोपऱ्यातली खुर्ची दाखवली आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला. त्यावर माझ्या नाडीची हिरवी रेषा होती.

“आजी, घाबरू नका. हे यंत्र तुमच्या बाजूचं आहे.”

“तीच तर पंचाईत आहे,” मी म्हटलं.

सहा प्रश्न सुरळीत झाले. सातवा त्यांनी कागदावरून वाचला. “या व्यक्तीसंबंधीची एखादी गोष्ट तुम्ही घरच्यांपासून लपवून ठेवली आहे का?”

“हो. तिच्या आजोबांसंबंधीची.”

आणि मी सांगितलं. कानस, दहा-बारा हात, विंग, बाबालाल, पदराचं टोक. निलोफरकडे न बघता सांगितलं. रेषा चढत गेली, पिवळी झाली, लाल झाली.

श्रीरंग हलक्या आवाजात म्हणाला, “आई, पन्नास वर्षांपूर्वीचं हे इथे सांगायची काय गरज आहे?”

“तुझ्या फॉर्मवर तू ‘होय’ केलंस ना? ती शंका माझ्यावरची होती, तू तिच्या नावावर घातलीस. मी घालू दिली.”

तो खिडकीबाहेर बघू लागला.

मोकाशीबाईंनी चष्मा काढून पुसला. “यंत्र अजूनही नाहीच म्हणतंय,” त्या म्हणाल्या. “भीतीत नाडी वाढते, हात ओले होतात, आवाज खाली जातो. शरमेतही तेच होतं. हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक असेल. पण इथे येणारा म्हातारा माणूस नेहमी बिचाराच असणार, असं त्यांनी धरून ठेवलंय. माझ्या रकान्यात भीती, दबाव, गोंधळ आणि आजारपण एवढंच आहे.” मग त्यांनी ‘इतर’समोर एक शब्द लिहिला आणि निलोफरच्या नावापुढचा शेरा काढला. “इथे सही करा, मिस बारगीर. सॉफ्टवेअर बसवायला आजींना पंधरा दिवसांनी पुन्हा प्रश्न विचारले जातील.”

निलोफरनं डाव्या हातानं सही केली. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

जिन्याच्या पायथ्याशी ती माझी वाट बघत उभी होती. श्रीरंग गाडी आणायला गेला होता.

“त्या दिवशी विंगेत होते त्यांतले किती आहेत आता?”

“चार.”

“त्यांना सांगा. मला सांगून काय होणार? मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते.”

“निलोफर, मी...”

“सॉफ्टवेअर मी बसवीन बाई. ते माझं काम आहे. बाकीचं मला आत्ता विचारू नका.”

चार फोन करायला मला अकरा दिवस लागले. पहिले गृहस्थ कोल्हापुरात मुलीकडे असतात, त्यांना मी कोण हेच आठवेना. मी तरी सगळं सांगितलं, ते “छान, छान” म्हणाले. दुसऱ्यांना ऐकू कमी येतं. मी तीनदा ओरडून सांगितलं, मग त्यांच्या सुनेनं फोन घेतला, आणि तिलाही सांगावं लागलं. तिसऱ्या बाई माझ्याबरोबर शिकलेल्या, त्या म्हणाल्या, “आता कशाला ग छळून घेतेस,” आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगू लागल्या.

चौथे त्या वेळचे मंडळाचे चिटणीस. वय एक्क्याण्णव, आवाज खणखणीत.

“अग शरयू, हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं.”

“म्हणजे?”

“बाबालाल डावखुरा. घाव उजव्या हाताचे. तंबोरा माझ्याच हातात होता की त्यानं घ्यायच्या आधी.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं?” त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “तू आपल्यातली पोर. पुढे गायचं होतं तुला. आणि तो हो म्हणालाच होता.”

“त्याचं काम गेलं, अण्णा.”

“हो, ते वाईट झालं,” ते म्हणाले. “हात फार चांगला होता त्याचा.”

मी फोन खाली ठेवला. पंचावन्न वर्षं मला वाटत होतं, माझी लबाडी लपली. ती लपली नव्हती. ती सगळ्यांनी मिळून सांभाळली होती, आणि मी सांभाळू दिली होती. त्या विंगेत खरं माहीत नसलेलं बहुधा कुणीच नव्हतं, आणि खरं माहीत असून त्याची किंमत दिली ती एकट्यानं.

पंधराव्या दिवशी निलोफर आली. या वेळी चपला काढल्या. चहा नको म्हणाली. फोन माझ्यासमोर ठेवला आणि पहाऱ्याचे सात प्रश्न सुरू झाले. सातव्याला मी ‘नाही’ म्हटलं. अंगठी स्वस्थ राहिली. पडदा हिरवा झाला, आणि माझ्या कानात एक बारीकशी टिकटिक होऊन सगळ्या खोलीचा आवाज बदलला. पंख्याला सूर होता, हे मी विसरले होते.

“तंबोरा देता?”

तिनं गवसणी काढली, तारा उतरवल्या आणि घोडी सोडवून घेतली. हीच ती बाबालालनं आठवड्यानं पाठवलेली नवी घोडी. तिनं ती ओळखली असणार, कारण अंगठा फिरवून क्षणभर हातात धरली, मग रुमालात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. पिशवीतून पत्र्याची एक डबी काढली. तिच्यात दुसरी घोडी होती, पिवळी पडलेली.

“आजोबांच्या सामानात होती. मागे तारीख आहे, नाव नाही. मी मापं घेतली तेव्हा हिचा उतार कशातच बसेना. त्यांना विचारलं, तर म्हणाले, घाईचा हात आहे. कुणाचा ते सांगितलं नाही.”

“ठेवली कशाला त्यांनी?”

“तेही सांगितलं नाही.” ती घोडी भोपळ्यावर ठेवून तारा चढवत होती. खुंट्यांचा करकर आवाज मला आठ वर्षांत पहिल्यांदा खुंट्यांसारखा ऐकू येत होता. “मी सात माणसांना पहिला आवाज नेहमी त्यांच्या आवडीचा ऐकवते. तुम्हाला हा ऐकवणार आहे. नको असेल तर आत्ताच सांगा.”

मी मांडीवरची रुमालातली घोडी बाजूला ठेवली. तिनं चारही तारा छेडल्या.

इतकं स्वच्छ मी तरुणपणीही ऐकलं नव्हतं. षड्ज सुटला, त्याच्या पोटातून एकेक सूर वर येऊ लागला, आणि जिथे मी घासलं होतं तिथे येऊन प्रत्येक जण ठेचकाळला. गंधार उगवता उगवता फाटला. त्यामागे खडखड होती, बारीक, सततची. त्या रात्री तीनशे माणसांनी हे ऐकलं होतं. विंगेत उभ्या असलेल्या बाबालालनं चाळीस मिनिटं हे ऐकलं होतं आणि पहिल्या मिनिटालाच त्याला हात कुणाचा ते कळलं असणार. मी तेवढी एकटी खुंट्या पिळत राहिले होते.

फोन उजळला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘तुम्हाला भीती वाटत असल्याचं आढळत आहे. हे सॉफ्टवेअर काढून टाकू का?’ खाली दोन चौकटी होत्या.

निलोफरचा हात तारांवर थांबला. तिनं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी ‘नाही’ दाबलं.

“पुन्हा वाजव,” मी म्हटलं.